पहिला पेला कुणी प्यायचा?

एकतीस वर्षं मी गावोगावी दूध गार करायची यंत्रं बसवली आणि दुरुस्त केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं मी दूध प्यायलो नाही. दही, ताक, तूप, चहातलं दूध, काहीच नाही. मासळी नाही, अंडं नाही, मटण तर नाहीच. याला एका घोटाचा अपवाद आहे. तो घोट कसा घडला ते सांगायचं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर निवृत्त माणसाच्या आठवणी घरचेसुद्धा ऐकत नाहीत.

आधी धंदा सांगतो. गाईच्या सडातून दूध निघतं तेव्हा ते अंगाइतकं ऊन असतं. तसंच ठेवलं तर तीन-चार तासांत नासायला लागतं. शहर लांब, रस्ते तसले. म्हणून गावातच स्टीलची मोठी बंद टाकी ठेवतात, तिला कूलर म्हणायचं. टाकीच्या बुडाखालून फ्रिजमधल्यासारखा गॅस फिरतो, आत एक पातं दूध ढवळत राहतं आणि दूध चार डिग्रीवर येतं. मग टँकर सावकाश आला तरी चालतो. हा कूलर बसवायचा, चालू करून द्यायचा, बिघडला की धावत जायचं, हे माझं काम. महिन्यातले वीस-बावीस दिवस मी बाहेर. वसईकडच्या बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीत निम्मे लोक मला पाहुणा समजायचे. एकदा वॉचमननं मलाच रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, 'कुणाकडे जायचंय' या रकान्यात मी बायकोचं नाव लिहिलं.

या धंद्याची एक पद्धत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण मी गेलो त्या बहुतेक गावांत पाळतात. नवा कूलर चालू झाला की नारळ फुटतो, पहिलं शंभर लिटर दूध आत ओततात, ते गार झालं की त्यातला पहिला पेला बसवणाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर प्यायचा. ज्यानं बसवला तोच पितोय म्हटल्यावर बाकीचे निर्धास्त आपापल्या किटल्या ओततात. वीस वर्षं मी तो पेला हौसेनं प्यायलो. पांढऱ्या मिशीतले माझे फोटो अजून कुठल्या कुठल्या केंद्रांच्या भिंतींवर लटकत असतील.

मग सुमनचं दुखणं निघालं. सुमन माझी बायको. माहेर खाडीकडचं, भातशेतीवालं. तिच्या ताटात मासळी नसली की ती विचारायची, 'आज जेवन नाय का?' एक दिवस जिना चढताना तिच्या छातीत कळ आली, तपासण्या झाल्या, दोन नळ्या अरुंद निघाल्या. डॉक्टर बिचारे एवढंच म्हणाले की तेलकट-तुपकट कमी करा, मटण कमी करा, गोळ्या चुकवू नका आणि रोज चाला. दूध सोडा, मासे सोडा असं ते बोलले नव्हते. पण सुमनला 'कमी' ही गोष्टच जमत नाही. एक तुकडा घेतला की चार घेते, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक. दवाखान्यातून घरी आल्यावर मला म्हणाली, "मी सगलंच सोडते. दूध, मासं, सगलं. अर्धं-मुर्धं मला नाय जमनार. पन एकटीला बी नाय जमनार."

मी म्हटलं, "तू सोडशील ते मी सोडलं. फिरतीवर असलो तरी."

बोलून बसलो खरा. मुलीनं फोनवर सांगितलं की बाबा, याला वीगन म्हणतात. म्हटलं, म्हणू देत. आमच्यात एवढंच ठरलं की मी कुठंही असलो तरी रात्री आठ वाजता सुमनचा फोन येणार आणि ती दोन प्रश्न विचारणार. 'काय खाल्लं आज?' आणि 'चाललात किती?' मग तेच मी तिला विचारायचं. खोटं बोलायचं नाही. दोघांपैकी एकाची दोरी सुटली की दुसऱ्याची सुटणार, आणि तिची सुटली तर जिवाशी गाठ होती. तेवढं कळण्याइतकी अक्कल मला होती.

आता सांगतो फिरतीवरची तऱ्हा. माझ्या पिशवीत एका बाजूला पाने-पक्कड आणि गॅसचं मीटर, दुसऱ्या बाजूला भाजलेले चणे, शेंगदाणे, नाचणीचं पीठ आणि सुकेळी. सुकेळी म्हणजे आमच्या वसईकडं उन्हात वाळवलेली राजेळी केळी. आठवडा-पंधरवडा सहज टिकतात, दोन खाल्ली की तीन तास पोट गप्प. वटार गावच्या एका ओळखीच्या घरून मी ती पुडक्यानं आणायचो. त्यांच्या जिवावर मी अर्धा महाराष्ट्र फिरलोय.

हॉटेलात मात्र रोज नवी परीक्षा. "तूप नको, दही नको, बटर नको, पनीर नको," म्हटलं की वेटर विचारायचा, "जैन?" नाही म्हटलं की, "मग उपवास?" उपवास म्हटलं तर वर दह्याची वाटी घालून साबुदाणा आणायचा. एका ढाब्यावरच्या आचाऱ्यानं बाहेर येऊन मला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, मग तुम्ही जगता कशावर?" मी म्हटलं, "तुझ्या डाळीवर, पण वरून तूप सोडलंस तर मरतो." त्यानं पुढं अनेक वर्षं माझी डाळ वेगळ्या पातेलीत काढली.

आणि दूध केंद्रांवर तर विचारूच नका. दूधवाल्या गावात दूध नाकारायचं म्हणजे लग्नघरी जाऊन अक्षता नाकारण्यासारखं. सुरुवातीला मी तब्येतीची कारणं सांगायचो, तर लोक वाद घालायचे. "आमच्या आज्ज्यानं ऐंशी वर्षं धारोष्ण पिलं, काय झालं त्याला?" मग मला युक्ती सापडली. मी सांगू लागलो, "नवस आहे. बायकोच्या दुखण्यासाठी बोललोय." एका शब्दात काम. त्यावर कुणी हुज्जत घातली नाही. उलट घरातून गुळाचा कोरा चहा यायचा आणि निघताना बाईमाणसं विचारायची, 'आता बरं आहे ना वहिनींना?'

व्यायामाचंही तसंच. लॉजच्या खोलीत पलंग सरकवला की एका माणसाचे सूर्यनमस्कार होतात. चोवीस घालायचो. एका गावी दोरीवरच्या उड्या मारल्या तर खालच्या खोलीतला बियाणं विकणारा माणूस मॅनेजरला घेऊन वर आला, त्याच्या चहात छताचा चुना पडला होता. तेव्हापासून दोरी बंद, चालणं सुरू. एसटी स्टँडला फेऱ्या, बाजारपेठेला फेऱ्या, काहीच नसलं तर केंद्राच्या अंगणात फेऱ्या. फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप मुलीनं टाकून दिलेलं. पाच हजाराच्या खाली आकडा सांगायचा नाही, असा माझा मलाच नियम.

हे सगळं मी छातीठोकपणे सांगतो. जमतं. फिरतीचं कारण सांगून कुणी माझ्यापुढं रडायला लागलं की मी त्याच्या हातात सुकेळं ठेवतो.

अडचण एकच होती, पहिल्या पेल्याची. कूलरची शेवटची परीक्षा जिभेची असते. थर्मामीटर तापमान सांगतो, कागदाची पट्टी आंबटपणा सांगते, दूध उकळून पाहिलं की नासलंय का ते कळतं. पण यंत्राच्या रबराचा वास दुधात उतरला असेल तर यातलं काहीही ते सांगत नाही. झाकणाला आणि खालच्या व्हॉल्व्हला नवं रबर असतं. ते आदल्या दिवशी सोड्याच्या पाण्यात दोनदा उकळून, घासून मगच बसवायचं. नाहीतर दूध तो वास पिऊन घेतं. दूध सोडल्यावर मी जिभेचं काम दुसऱ्यावर सोपवलं. केंद्राचा सचिव चाखायचा, 'फस्क्लास' म्हणायचा, मी नवसाचं सांगून मोकळा. पाच वर्षं असंच चाललं. मला वाटलं, निभलं.

मग घाटावरच्या एका गावी हजार लिटरचा कूलर बसवायला गेलो. बायकांनी चालवलेली संस्था होती, सव्वाशे घरांचं दूध. अध्यक्ष हिराबाई, साठीच्या, अंगानं काटक, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि शब्दही वाया जायचा नाही. तोवर त्यांचं दूध टेम्पोनं तीस किलोमीटरवर जात होतं आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी आंबट ठरून परत यायचं. कूलर चालू व्हायचा त्या दिवसापासून टेम्पो बंद केलेला. सकाळी साडेसातला बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या.

शंभर लिटर आत गेलं. गार झालं. थर्मामीटर ठीक, पट्टी ठीक, उकळून पाहिलं तर ठीक. सचिव नामदेवराव यांनी चाखलं आणि म्हणाले, "फस्क्लास." नारळ फुटला. हिराबाईंनी घासून लख्ख केलेला पितळी पेला भरला आणि माझ्यापुढं धरला.

"घ्या साहेब. आदी तुमी, मंग आमी."

मी नेहमीचं सांगितलं. नवस आहे, बायकोच्या दुखण्याचा, दूध वर्ज्य आहे. इतर गावांत इथं विषय संपायचा. या गावात नाही संपला. मागून एक बाई बोलली, "पाजतोय आमाला, आन् सोता पीत न्हाई." दुसरीनं आपल्या किटलीचं झाकण परत लावलं. ते टक्कन लागलं ते मला अजून ऐकू येतं.

हिराबाईंनी माझ्याकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं आणि स्वतः प्यायल्या. अर्धा पेला. मग थांबल्या. जीभ टाळूला लावून पाहिली.

"रबार लागतंय," म्हणाल्या.

नामदेवराव म्हणाले, "मला तर नाही लागलं." आणि लगेच सदऱ्याच्या बाहीत सलग तीनदा शिंकले. मग मला कळलं की गेले चार दिवस त्यांना कडक पडसं होतं. वासच येत नव्हता. साखर आणि मीठ यातला फरक कळला नसता अशा जिभेवर मी हजार लिटरची टाकी सोडली होती.

हिराबाईंनी मला सरळ विचारलं, "तुमाला ठावं व्हतं? म्हून पिला न्हाईत?"

हो म्हणालो असतो तर लबाड, नाही म्हणालो तर मूर्ख. मी म्हटलं, "नाही. मला ठाऊक असायला हवं होतं."

बाकीचं दूध किटल्यांत तापत होतं. पहाटे साडेपाचला काढलेलं, म्हणजे माझ्या हातात फार तर दोन तास. शंभर लिटर ओढ्याकाठी ओतून द्यावं लागलं. ते ओतताना बायका रांगेतून बघत उभ्या होत्या, त्यापेक्षा शिव्या बऱ्या. मी रबरं काढली. शेजारच्या घरात चुलीवर मोठं पातेलं चढवलं, सोडा टाकून खळखळ उकळली, ब्रशनं घासली, पाणी बदलून पुन्हा उकळली. हिराबाईंनी बायकांना कामाला लावलं. विहिरीचं पाणी शेंदून किटल्यांवर ओली पोती टाकली, दर दहा मिनिटांनी पाणी. टाकी मी सोड्यानं धुतली, मग तीनदा साध्या पाण्यानं. सव्वानऊला रबरं बसली. पुन्हा शंभर लिटर ओतायचं होतं. ते द्यायला कुणी पुढं येईना. हिराबाईंनी स्वतःच्या घरच्या दोन किटल्या आणल्या, मग त्यांच्या जावेनं आणल्या, तेव्हा बाकीच्या हलल्या.

दूध गार झालं. तोच पितळी पेला. हिराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "नवसाचं मला कळतंय. मी जबरी न्हाई करायची. पन सकाळी तुमची जीभ असती तर हे झालं नसतं, साहेब."

खरं होतं ते. चाखून थुंकायचं, असाही विचार माझ्या मनात आला. पण रबराची चव शेवटी, घशाशी येते, गिळल्याशिवाय कळत नाही. आणि ज्यांचं शंभर लिटर मी सकाळी मातीत घातलं होतं, त्यांच्यासमोर त्यांचं दूध थुंकायची माझी छाती नव्हती. मी एक घोट घेतला. गिळला. थांबलो. पाच वर्षांनी दूध जिभेवर आलं होतं. गार, गोडसर, मागं कसलाही वास नाही.

"चांगलं आहे," म्हटलं. "ओता."

किटल्यांची झाकणं भराभर निघाली. पेला मी खाली ठेवला, त्यात जवळजवळ सगळं दूध तसंच होतं.

संध्याकाळी लॉजवर मी सूर्यनमस्कार घातले नाहीत. पलंगावर बसून राहिलो. आठला फोन वाजला.

"काय खाल्लं आज?"

"सकाळी सुकेळी. दुपारी भाकरी, पिठलं, कांदा." मग म्हटलं, "आणि एक घोट दूध."

पलीकडं टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केला. मी सगळं सांगितलं. नामदेवरावांचं पडसं, ओढा, पेला.

"गिललात?"

"गिळला."

"आनि मग दुसरा?"

"दुसरा नाही. कामाला एक पुरला."

मला वाटलं, गेलं. पाच वर्षांची दोरी आपण एका घोटानं तोडली. मग ती म्हणाली, "मी आज भावाकडं गेलेले. खाडीतल्या निवट्यांचं कालवन केलेलं वहिनीनं. माझ्यासमोर वाढलं, म्हनाली, एवढंसं घे, कोन बघतंय. मी ताटावरनं उठून आले. आठला तुमाला काय सांगू, म्हनून."

"सुमन, चुकलो मी," म्हटलं.

"तुमचा घोट कामाचा होता," ती म्हणाली. "माझा चवीचा झाला असता. ते येगलं." आणि मग, "कसं होतं वो?"

"काय?"

"दूध."

"गोड होतं," मी म्हटलं. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"असूंदे," ती म्हणाली. "नमस्कार घातलेत का? नाय ना? घाला आनि झोपा."

त्यानंतर सहा वर्षं मी नोकरी केली. प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशी रबरं माझ्या डोळ्यांसमोर दोनदा उकळली आणि चाखायला दोन माणसं उभी केली, तीही आधी फोडलेला कांदा हुंगायला लावून. नाक चालतंय ना, हे बघायला. लोक हसायचे. हसू देत. माझा एकही कूलर पुन्हा वासाचा निघाला नाही, आणि मला पुन्हा घोट घ्यावा लागला नाही. हिराबाईंचा कूलर अजून चालू आहे. दरवर्षी संक्रांतीला त्यांचा फोन येतो, आधी सुमनची चौकशी, मग यंत्राची.

पण एक गोष्ट मी तिथं कुणाला सांगितली नाही आणि सुमनलाही नाही. रबरं दोनदा उकळायची असतात. आदल्या संध्याकाळी मी ती एकदाच उकळली होती. सात वाजून गेले होते, फोनमध्ये पावलं तीन हजार दाखवत होती, आठच्या आत पाच हजार व्हायला हवी होती. म्हटलं, एकदा उकळलंय, पुष्कळ झालं. आणि एसटी स्टँडला फेऱ्या मारायला निघून गेलो. सव्वाशे घरांपैकी कुणाकुणाच्या गोठ्यातलं ते शंभर लिटर माझ्या दोन हजार पावलांत गेलं. पडसं नामदेवरावांचं होतं, चूक माझी होती. नियम पाळण्याची मला इतकी घमेंड चढली होती की नियम कशासाठी आणि काम कशासाठी, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यातून गेलं.

आता मी घरीच असतो. सकाळी आम्ही दोघं जवळच्या गास गावच्या शेतांकडं चालत जातो, वाटेत ती प्रत्येक ओळखीच्या बाईशी उभी राहते, म्हणून माझा वेग पडतो आणि मी चिडतो. जिना ती न थांबता चढते. काल संध्याकाळी इथवरचा लेख मी तिला वाचून दाखवला. उकळलेल्या रबरांचा वरचा परिच्छेद मी भराभर वाचून टाकला. वाचून होईपर्यंत ती भाजीची देठं मोडत होती.

"म्हंजे माझ्या फोनपायी," ती म्हणाली.

"तुझ्या नाही. माझ्या पावलांपायी."

"हिराबाईंना सांगितलं?"

"नाही."

"संक्रांतीची वाट नका बघू. उद्याच सांगा."

"सांगतो."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. आठ वाजले होते. दुपारचं तिनंच वाढलेलं, समोर बसून आम्ही एकत्रच जेवलेलो. तरी हातातली देठं खाली ठेवून माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "हं, सांगा. काय खाल्लं आज?"

"नाचणीची भाकरी," मी सुरुवात केली, "वालाचं बिरडं, काकडी."

"आनि चाललात किती?"

"तू चाललीस तितकं."